करवंटीच्या कोळशाने पालकातली औषधं शोधताना झालेली फजिती

खलबत्ता | रविवार, रात्री १०:१२

गेल्या मार्चमध्ये आमच्या प्रयोगशाळेतली पीएसएची बाटली संपली आणि नव्या बाटलीचं कोटेशन बघून विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. हा धागा तिथून सुरू होतो.

पीएसए म्हणजे प्रायमरी-सेकंडरी अमाइन. सिलिकाच्या बारीक कणांवर अमाइन गट बसवलेली पांढरी पूड. भाजीत औषधाचा किंवा कीटकनाशकाचा अंश शोधायचा तर आधी भाजीचा अर्क काढावा लागतो. त्या अर्कात आपल्याला हवा असलेला रेणू चिमूटभर आणि नको असलेली वरात मोठी: साखर, सेंद्रिय आम्लं, मेण, हरितद्रव्य. ते सगळं तसंच एलसी-एमएसमध्ये (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात) सोडलं की खरा सिग्नल दबतो, आकडे खोटे येतात आणि यंत्राचं तोंड (सोर्स) साफ करण्यात अख्खा दिवस जातो.

जगभर यासाठी 'क्वेचर्स' पद्धत चालते, २००३ साली प्रसिद्ध झालेली. १० ग्रॅम वाटलेली भाजी, १० मिली ॲसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ. दणकून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वरच्या थरातला १ मिली घेऊन त्यात २५ मिलिग्रॅम पीएसए आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट टाकायचं, पुन्हा फिरवायचं. घाण पुडीला चिकटून तळाशी बसते. पालकासारखी गर्द भाजी असेल तर रंग उतरवायला ग्राफाइटी कार्बनही घालतात. तोही बाहेरूनच येतो, तोही महाग.

माझी एक विद्यार्थिनी गुहागरची. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या मागच्या पडवीत करवंट्यांचा ढीग आहे, बंबात घालतो. आणू का पिशवीभर?" आणल्या. शेंड्या खरवडून, धुऊन, वाळवून झाकणाच्या मुशीत ५०० अंशांवर दोन तास भाजल्या. कोळसा खलात कुटला, चाळला, राख काढायला हायड्रोक्लोरिक आम्लात उकळला आणि सामू सातावर येईस्तोवर धूत बसलो. धुण्यातच तीन दिवस गेले. (माझ्या आयडीवर हसणाऱ्यांनो, कुटायला खरंच खलबत्ताच होता.)

मग पहिल्याच दिवशी १ मिली अर्कात ५० मिलिग्रॅम कोळसा टाकला. गर्द हिरवा अर्क पाण्यासारखा नितळ! फोटो काढले, कॉलेजच्या ग्रुपवर टाकले, भराभर अंगठे आले. दुसऱ्या दिवशी यंत्राने जमिनीवर आणलं. आम्ही मुद्दाम मिसळलेल्या कार्बामाझेपिनपैकी शंभरातलं तिसाच्या आसपास परत आलं होतं. बाकीचं कोळशाने हरितद्रव्याबरोबरच गिळलं. पद्धत मान्य व्हायला ७० ते १२० टक्के परत मिळावं लागतं.

कुणी असं काही केलंय का? कोळसा, तूस, चिपाड, कोळंबीची सालं, काहीही चालेल. अनुभव हवेत. शोधनिबंधांचे दुवे नकोत, ते ढिगाने वाचून झालेत.

---

नुसताच_वाचक | रविवार, रात्री १०:४०

वाचतोय. पण ताई, कार्बामाझेपिन म्हणजे आकडीची गोळी ना? माझ्या काकांना चालू होती. ती पालकात कशी काय जाईल?

---

खलबत्ता | रविवार, रात्री ११:०५

तीच गोळी. माणूस घेतो, थोडी शरीराबाहेर पडते, मैलापाण्यात जाते. मैलाशुद्धीकरण केंद्रातले जिवाणू बाकी बरंच काही खातात, पण या रेणूला जवळपास हातच लावत नाहीत. ते पाणी शेताला मिळालं की मुळं पाण्याबरोबर त्यालाही ओढतात. त्यावर विद्युतभार नसल्यामुळे तो मुळात अडकत नाही. पान पाणी उडवतं आणि हा मागे साचत राहतो. म्हणून फळापेक्षा पानात जास्त सापडतो आणि म्हणूनच आम्ही पालक घेतला. डायक्लोफिनॅकसारखी आम्लधर्मी औषधं बहुतेक मुळातच थांबतात.

इस्राएलमध्ये सांडपाण्याचा फार मोठा भाग शुद्ध करून शेतीला देतात. तिथे २०१६ साली ३४ निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना आठवडाभर पुनर्वापराच्या पाण्यावरची भाजी, काहींना गोड्या पाण्यावरची, मग उलट. पहिल्या प्रकारची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन वाढलेलं दिसलं. घाबरू नका, गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या मानाने ते हजारो पटींनी कमी होतं. पण पाण्यातून पानात आणि पानातून माणसात ही वाट आहे, एवढं त्यातून पक्कं झालं.

---

भीमथडी | सोमवार, सकाळी ६:२२

मी दौंडकडचा. शेती बेबी कालव्याच्या पाण्यावर. मुंढव्याच्या जॅकवेलवरून पुण्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी उचलून कालव्यात सोडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही ते पाणी हौसेने मागितलेलं नाही. धरणाचं पाणी शहराने प्यायचं, वापरलेलं आमच्याकडे धाडायचं, आणि उद्या पेपरात 'पालकात गोळ्या' अशी बातमी आली की भाव कुणाचा पडणार? मार्केट यार्डात गड्डी दोन रुपयाला कुणाची जाणार?

तुम्ही चांगलं काम करताय, राग तुमच्यावर नाही. पण पालक कुठून आणला ते इथे लिहू नका, एवढी विनंती.

---

खलबत्ता | सोमवार, सकाळी ९:१५

दादा, लिहिणार नाही. आणि एकच सांगते, आम्ही अजून कुणाच्याही शेतातला आकडा काढलेलाच नाही. स्वच्छ पालकात स्वतः औषध मिसळून ते परत मिळतं का, एवढंच बघतोय. पद्धत पक्की व्हायच्या आत आकडा बोलणं म्हणजे गावात काडी टाकणं. उलट बाजूही आहे. घाणेरड्या अर्कातून खोटा आकडा जास्तही येऊ शकतो, आणि तसा आला तर तुमच्याकडे त्याला खोडून काढायला काही नसतं. चांगली साफसफाई तुमच्याही बाजूची आहे.

---

आबा_निफाड | सोमवार, दुपारी १:५०

भीमथडींचं दुखणं आम्ही भोगलंय. २०१० सालची द्राक्षं आठवतात का कुणाला? युरोपात आपल्या मालात क्लोरमेक्वाट निघालं. आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ रोखायला मारतात. मारलं एप्रिल-मेमध्ये आणि पुढच्या फेब्रुवारीतल्या मण्यांत अंश निघाला. कंटेनर अडकले, पैसे बुडाले, लोक वर्षानुवर्षं कर्ज फेडत बसले.

त्यात सगळ्यात जिव्हारी काय लागलं? आमच्या सगळ्यांकडे तपासणीचे दाखले होते, आणि ते खोटेही नव्हते. तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच! शोधलंच नाही तर सापडणार कसं? नंतर यादीत आलं. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम बघतं, त्यांनी पुढे बरंच बसवलं.

तर ताई, तुमची करवंटी काय काय शोधू देते त्यापेक्षा काय काय लपवते ते आधी लिहा.

---

ओला_काजू | सोमवार, रात्री ९:३०

आबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. त्यात एक भर. सीसीसी नेहमीच्या क्वेचर्समध्ये यादीत घालूनही नीट सापडत नाही. त्या रेणूवर कायमचा धन भार असतो. तो ॲसिटोनायट्राइलच्या थरात येतच नाही, खाली पाण्यात बसून राहतो. त्याला आम्ल घातलेल्या मिथेनॉलने वेगळं काढावं लागतं. म्हणजे पूड करवंटीची असो की सोन्याची, रेणू तिच्यापर्यंत पोचलाच नाही तर काय करणार.

खलबत्ता ताई, आता तुमच्या कोळशाबद्दल. मी रत्नागिरीत कोळंबीच्या सालांवर काम केलंय. त्याआधी चिपाडाच्या कोळशावर, आणि तेव्हा मीही तुमच्यासारखीच तोंडावर आपटले होते. ढिगाने वाचलेले निबंध बहुतेक पाणी साफ करण्याचे असतात. तिथे रेणू जितका घट्ट धरला तितकं उत्तम, परत कुणाला हवाय? तपासणीत गणित उलटं. एकतर पुडीने आपल्या रेणूला हातच लावता कामा नये, किंवा धरला तर सांगितल्यावर पूर्ण सोडला पाहिजे. करवंटीच्या कोळशात अतिबारीक छिद्रं फार. वलयं असलेला रेणू आत शिरला की ॲसिटोनायट्राइलच्या हाकेला ओ देत नाही. टोल्युइन मिसळलं तर काही सुटतात. पण मग टोल्युइन उडवत बसा.

विकतच्या ग्राफाइटी कार्बनचंही हेच रडगाणं आहे बरं का. थायाबेंडाझोल या बुरशीनाशकासारखे चपटे रेणू तोही गिळतो. फक्त त्याचं दुखणं पुस्तकात लिहिलेलं असतं, आपल्या करवंटीचं आपल्यालाच लिहावं लागतं.

कोळंबीच्या सालांपासून काइटोसान करून बघा. त्यात अमाइन गट मुळातच असतो, म्हणून पीएसएची बरीच कामं करतो. सालं पातळ आम्लात टाकली की चुना फसफसून निघतो, मग पातळ कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, मग दाट कॉस्टिकमध्ये तापवायचं. हातमोजे, गॉगल विसरू नका, दाट कॉस्टिक गंमत नाही. आणि सालं त्याच दिवशीची घ्या. दुसऱ्या दिवशी शेजारी भांडायला येतात, अनुभव आहे.

दोन सावधगिऱ्या. काइटोसान पातळ आम्लात विरघळतं, त्यामुळे आम्ल घातलेल्या क्वेचर्समध्ये जपून. आणि अमाइन असल्यामुळे ते आम्लधर्मी औषधं धरून ठेवतं. माझं डायक्लोफिनॅक असंच गेलं. पीएसएसुद्धा हेच करतं.

---

चुंबक | मंगळवार, सकाळी ११:०८

कोळशावर लोखंडाचा ऑक्साइड बसवा, मॅग्नेटाइट. मग सेंट्रिफ्यूजच नको. नळीच्या बाजूला चुंबक धरला की पूड भिंतीला जाऊन चिकटते, अर्क ओतून घ्या. गावाकडच्या प्रयोगशाळेला उत्तम.

---

ओला_काजू | मंगळवार, दुपारी १२:३०

@चुंबक, बघायला फार छान दिसतं, मान्य. पण टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन लोहाला मिठी मारून बसतात. प्रतिजैविकं शोधायची असतील तर ती त्या भिंतीवरच राहतील. आकडीच्या गोळीला चालेल कदाचित.

---

हॉलंडचा_बाळू | मंगळवार, रात्री ११:५५

इकडे नेदरलँड्समध्ये सध्या सगळी चर्चा पीफासची, म्हणजे निसर्गात सहजी न मोडणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांची. डॉर्ड्रेख्टजवळच्या रसायन कारखान्याच्या आसपासच्या परसबागांतली भाजी तपासली होती. २०१८ साली सरकारी आरोग्य संस्थेने सल्ला दिला, की एक किलोमीटरच्या आतल्या बागांतली भाजी फार वेळा, फार प्रमाणात खाऊ नका. माझे डच शेजारी तेव्हापासून टोमॅटो लावतात आणि नुसते बघत बसतात.

मी याच क्षेत्रात आहे म्हणून सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची पीफासची पद्धत क्रमांक १६३३, जानेवारी २०२४ मध्ये अंतिम झाली. तिच्यात अर्क साफ करायला कार्बनच आहे. पण किती? १० मिलिग्रॅम. आणि किती वेळ? पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, हाताने हलवायचं आणि लगेच वेगळं करायचं. लांब साखळीचे पीफास त्यापुढे कार्बनला चिकटून बसतात. जगातली भरपूर पैसेवाली प्रयोगशाळाही कार्बनशी घड्याळ लावूनच वागते!

तुम्ही ५० मिलिग्रॅम किती वेळ ठेवला होता?

---

खलबत्ता | बुधवार, सकाळी ८:४०

लाजत सांगते. जेवायला गेलो होतो.

---

हॉलंडचा_बाळू | बुधवार, दुपारी २:१०

😀 १० मिलिग्रॅम, दोन मिनिटं करून बघा. अर्क थोडा हिरवा राहिला तर राहू दे. हिरवा दिसतो म्हणजे वाईट असं नसतं, यंत्राला डोळे नाहीत. बिन-औषधाच्या पालकाच्या अर्कातच प्रमाण द्रावणं बनवून तुलना करा, म्हणजे उरलेल्या घाणीचा परिणाम दोन्हीकडे सारखा होतो.

---

चिकित्सक_चिंतामणी | बुधवार, रात्री ८:०२

मजा येतेय वाचायला, पण एक खवचट हिशेब मांडतो. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असतं, 'कृषी कचऱ्याच्या समस्येवर उपाय'. एका नमुन्याला समजा ५० मिलिग्रॅम कोळसा. हजार नमुने केले तर ५० ग्रॅम. म्हणजे एक-दोन नारळांच्या करवंट्या. वर्षभर प्रयोगशाळा चालवा, गुहागरच्या पडवीतला ढीग इंचभरही हलणार नाही. बंबच बरा.

आणि 'हरित' म्हणता, तर तीन दिवस धुतलेलं आम्लाचं पाणी कुठे गेलं? काइटोसानचं दाट कॉस्टिक? प्रत्येक नमुन्याला १० मिली ॲसिटोनायट्राइल तर आहेच, त्याला करवंटीने काय फरक पडला?

---

खलबत्ता | बुधवार, रात्री १०:२०

चिंतामणी, कचऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या प्रस्तावातही ते वाक्य होतं, खोडते. आम्लाचं पाणी चुन्याने मारून मगच सोडलं, पण हरित वगैरे म्हणायची माझी हिंमत नाही.

मला त्यात हवंय ते वेगळंच. बाटली संपली म्हणून आमचं काम चार महिने बंद होतं. २००८-०९ ला जगभर ॲसिटोनायट्राइलचा तुटवडा झाला होता, तेव्हा मी पीएचडी करत होते. अर्धं वर्ष नुसते निबंध वाचले. जी वस्तू अंगणात बनते तिच्यासाठी मुलांचं वर्ष वाया जाऊ नये, बस.

---

ओला_काजू | गुरुवार, सकाळी ७:४५

पण अंगणातल्या वस्तूचाच तर घोटाळा आहे ताई. बाटलीवर लॉट नंबर असतो. तुमच्या दुसऱ्या पिशवीतली करवंटी जुन्या नारळाची निघाली, भट्टी वीस अंश वर गेली, की कोळसा वेगळा. मी एकदा तीन किलो सालं एकदम करून ठेवली आणि वर्षभर तोच डबा वापरला. प्रत्येक नवी खेप जुन्या खेपेसमोर उभी करायची, परत मिळण्याचे आकडे जुळले तरच वापरायची. कंटाळवाणं आहे पण सुटका नाही.

आणि कोळशाची स्वतःची घाण तपासा. भाजताना जो धूर होतो त्यातले पीएएच, म्हणजे अनेक वलयांचे घातक रेणू, कोळशातच उरतात. जीसीवर (रेणू वायूरूपात वेगळे करणाऱ्या यंत्रावर) काम असेल तर ते तुमच्याच अर्कात उतरतील आणि वाटेल भाजीत सापडले.

---

भीमथडी | गुरुवार, रात्री ९:००

सगळं समजलं असं नाही, पण एक विचारतो. पालक मिठाच्या पाण्यात धुतला तर हे जातं का? घरातले विचारतात.

---

खलबत्ता | गुरुवार, रात्री ९:३५

दादा, वरून मारलेलं औषध पानावर असतं, ते बरंचसं धुतलं जातं. धूळ, माती, जंतूही कमी होतात, म्हणून धुवाच. पण मुळातून चढलेलं पानाच्या आत असतं, ते धुण्याने जात नाही. म्हणूनच आम्ही पान वाटून घेतो.

यातच आमच्या कामातली एक उणीव आहे, आबांनी विचारलं होतं म्हणून सांगते. आम्ही वाटलेल्या पालकात औषध वरून मिसळतो आणि लगेच काढतो. शेतातल्या पानात ते महिनाभर आत मुरलेलं असतं, थोडं रूपही बदलतं. वरचं सहज परत मिळालं म्हणून मुरलेलंही मिळेल असं नाही. त्यासाठी कुंडीत पालक लावलाय, ठरलेलं औषधाचं पाणी घालतोय. गच्चीवर आहे. शिपाईमामांना सांगून ठेवलंय की तोडून नेऊ नका.

---

खलबत्ता | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५०

अपडेट देते.

१० मिलिग्रॅम कोळसा, दोन मिनिटं, घड्याळ लावून. कार्बामाझेपिन आता ऐंशीच्या पुढे परत येतंय, पाचही वेळा. अर्क फिकट पोपटी राहतो. फोटो काढण्यासारखा नाही, कुणी अंगठा दिला नाही. बाळूदादा, आभार.

काइटोसानही केलं. साखर-आम्लं छान उतरली. डायक्लोफिनॅक ओला_काजू म्हणाल्या तसंच गेलं, त्यामुळे आम्लधर्मी औषधांसाठी अर्क न साफ करता नुसता पातळ करून सोडतोय. आबा, यादी सुरू केली आहे: करवंटी काय काय लपवते. पहिल्या पानावर थायाबेंडाझोल आहे, दुसरं पानही लागणार. कुंडीतला पालक अजून बोटभर.

आणि एक गोंधळ. कोऱ्या नमुन्यात, म्हणजे ज्यात काहीच नको, त्यात सुरेख शिखर दिसायला लागलं. कॅफीन! सांडपाण्याची खूण म्हणून ते आमच्या यादीत होतंच. आधी पालकावर संशय, मग पाण्यावर, मग कोळशावर. नवा कोळसा केला, तरीही तेच. दोन दिवस गेले. शेवटी खलबत्ता नुसता ॲसिटोनायट्राइलने विसळून ते सोडलं, तर शिखर तिथेच उभं.

आमच्या गुहागरच्या बाईसाहेब संध्याकाळच्या चहाचं आलं त्याच खलबत्त्यात कुटत होत्या. चहाची पूड लागलेल्या चमच्यासकट.

---

नुसताच_वाचक | रविवार, रात्री १०:०१

आणि ताई, तो चहा तुम्हीही पीत होतात ना?

---

खलबत्ता | रविवार, रात्री १०:०४

रोज. मुशीच्या कोळशाची चव असायची थोडी. मला वाटलं दूध लागलंय.